हँड ग्रिपर नेमका कुणाच्या हातानं मोडला

मी हँड ग्रिपर. सध्या दोन तुकड्यांत आहे, त्यामुळे 'मी' म्हणावं की 'आम्ही' हा प्रश्नच आहे; पण सवयीनं मीच म्हणतो.

धडधाकट होतो तेव्हा माझं रूप मोठ्या चिमट्यासारखं होतं. वर पोलादी तारेचं वेटोळं, खाली काळ्या प्लॅस्टिकचे दोन दांडे. दांडे मुठीत धरायचे, आवळायचे, सोडायचे. माझं काम एवढंच. त्यातून पीठ निघत नाही की पाणी टाकीत चढत नाही. तरी माणसं ते अशा गंभीर चेहऱ्यानं करतात, की बघणाऱ्याला वाटावं, सगळ्या गावाची वीज यांच्याच मुठीतून चालली आहे.

माझ्या मोडण्याबद्दल या घरात पुष्कळ बोललं गेलं. त्यातलं निम्मं थाप होतं आणि उरलेलं निम्मं त्या थापेचं कौतुक. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

माझा जन्म कारखान्यात झाला. मी मुळात सरळमार्गी होतो, म्हणजे अगदी सरळ तार. यंत्रात गेलो आणि गरकन वळवला गेलो. मग भट्टीत मंद आचेवर शेकला गेलो. वळवताना तारेच्या अंगात राग भरतो, तो निघून जावा म्हणून शेकतात. सगळा निघत नाही. पण राग कुणाचा सगळा निघतो?

त्यानंतर चकचकीत मुलामा चढला, दांडे बसले आणि मी तपासणीच्या टेबलावर आलो. तिथं एक बाई प्रत्येकाला एकदा दाबून बघत. मला दाबलं तेव्हा त्या शेजारणीला आपल्या जावयाच्या घोरण्याबद्दल सांगत होत्या. "घोरतो म्हणजे किती घोरतो!" असं म्हणत त्यांनी मला असं आवळलं, की मी जावई नाही हे ओरडून सांगावंसं वाटलं. पास झालो. खोक्यात गेलो. खोक्यावर एका माणसाचं चित्र होतं, ज्याचं मनगट त्याच्या मानेपेक्षा जाड होतं. खाली छापलं होतं, 'जन्मभराची साथ'. कुणाच्या जन्मभराची, हे छापायला जागा पुरली नसावी.

मला घेतलं विमा कचेरीतल्या एका कारकुनानं. तेच माझे मालक. त्यांना मनगटाची हौस नव्हती. त्यांच्यावर वेळ आली होती. कचेरीत नवे साहेब आले होते आणि ते हात मिळवायचे नाहीत, पिळायचे. पहिल्या दिवशी मालक घरी आले ते हात झटकतच.

"काय हो, काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"साहेबांनी स्वागत केलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वागत झालं. तिसऱ्या दिवशी मालकांनी दोन्ही हातांत फायली धरल्या, तर साहेबांनी खांदा दाबला. त्याच संध्याकाळी मी या घरात आलो.

पहिल्या आठवड्यात माझे लाड विचारू नका. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. शर्टाच्या बाह्या वर, आरशासमोर उभं राहून, मधूनमधून दंडाकडे नजर. दुसऱ्या आठवड्यात शंभराचे पन्नास झाले. मग एक गंमत माझ्या लक्षात आली. खोलीत कुणी नसलं की मालक अडतिसाला थांबायचे. पायांचा आवाज आला की एकदम मोठ्यानं, "अठ्ठ्याण्णव… नव्याण्णव… शंभर! हुश्श!" मधले साठ आकडे कुठे गेले, ते मलाच ठाऊक.

महिन्याभरात मी टीव्हीशेजारच्या वाडग्यात जाऊन पडलो. तिथं किल्ल्या होत्या, बंद पडलेलं घड्याळ होतं आणि शाई संपलेली दोन पेनं. सगळे एकेकाळी कामाचे होते. रविवारी मालक येता-जाता मला दोनदा दाबत आणि "आज हाताला बरं वाटतंय" असं म्हणत. बाकी सहा दिवस आराम.

आता या घरातल्या खऱ्या हाताबद्दल सांगतो. तो मालकांच्या आईंचा. वय सहासष्ट. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीला टांगलेले कागदी नमुने. चाळीस वर्षं त्यांनी त्या खोलीत माणसांना मापात बसवलं होतं. आईंची मोठी कात्री कापडातून जायची तेव्हा असा आवाज यायचा, की वाडग्यात पडल्या पडल्या मला आपण पोलादाच्या जातीचे असल्याचा अभिमान वाटायचा.

एक दिवस वरच्या फळीवरचा तागा काढायला आई स्टुलावर चढल्या, स्टूल कलंडलं आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हात आत एखाद्या वाळक्या शेंगेसारखा झाला होता. आईंनी घरी येताच आधी कात्री उचलली. कात्री खाली पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी उचलली नाही, पायानं टेबलाखाली सारली. कुणी बघितलं नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं. मी बघितलं होतं; पण मला कोण मोजतं!

कामं परत जाऊ लागली. वकीलीणबाई त्यांचा अर्धा कोट घेऊन गेल्या. शाळेच्या बाई रंगमंचाच्या पडद्याचं कापड न्यायला आल्या. ते मात्र आईंनी दिलं नाही. "राहू दे. घाई आहे का?" म्हणाल्या. बाईंना नाही म्हणवलं नाही.

मालक मनाचे वाईट नाहीत. त्यांनी आईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आई, आता पुरे. किती राबशील? आराम कर."

आईंनी मान हलवली. पण टेबलाखालची कात्री काही आवरून ठेवली नाही.

हाताचा व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्पंजचा चेंडू दिला होता. दोन महिन्यांनी त्यांनी सांगितलं, "आता थोडं कडक काही दाबलंत तरी चालेल. दुखलं की थांबायचं." आई घरी आल्या, वाडग्यात बोटं घातली, किल्ल्या बाजूला केल्या आणि मला उचललं.

अडचण एकच होती. मी कुरकुरायचो. वेटोळं दाबलं की 'कुईऽक' असा आवाज. आईंना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं की मुलगा म्हणणार, 'कशाला ताण घेतेस?' आणि नाही जमलं, तर ते सगळ्यांसमोर नाही जमणार. म्हणून त्या मला पदराआड धरून न्हाणीघरात नेत, कडी लावत आणि नळ सोडत. नळाच्या धारेत माझं कुरकुरणं बुडून जायचं.

पहिल्या दिवशी माझे दांडे गव्हाच्या दाण्याएवढे जवळ आले. तेवढ्यानं आईंच्या कपाळावर घाम आला.

"हट्टी आहेस," त्या मला म्हणाल्या. "बरं झालं. माझं हट्टी माणसांशी जमतं."

त्या शंभरपर्यंत मोजत नसत. त्यांची मोजणी वेगळी. पहिले दहा वकीलीणबाईंच्या कोटासाठी. पुढचे दहा शेजारच्या नर्सबाईंच्या गणवेशासाठी. शेवटचे दहा रंगमंचाच्या पडद्यासाठी, आणि ते दहा त्या दात-ओठ खाऊन काढत. तीन महिन्यांनी माझे दोन्ही दांडे एकमेकांना टेकले. आई न्हाणीघरात एकट्याच हसल्या. त्यानंतर सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. पूर्ण टेकवून. अडतिसाला थांबणं नाही.

घरात मात्र वेगळीच काळजी सुरू झाली.

"आई, बऱ्या आहात ना?" मालकीणबाई, म्हणजे आईंच्या सूनबाई, दारावर टकटक करायच्या.

"केस धुतेय!"

"अहो, सकाळी धुतलेत की!"

"मळतात गं!"

सूनबाईंनी मालकांना हळूच सांगितलंही, "आईंचं मन लागत नाहीये. सारख्या आंघोळ करतात." मालकांनी न्हाणीघरात नवीन साबण आणून ठेवला. त्यांच्या हातून होणारी मदत अशीच असते.

आता माझ्या दुखण्याकडे येतो. आई मला रोज टॉवेलच्या टोकानं नीट पुसायच्या. पण वेटोळ्याच्या फटीत टॉवेल जात नाही. तिथं ओल राहायची. काही महिन्यांत वेटोळ्याच्या पाठीवर, जिथं दाबताना सगळ्यात जास्त ताण येतो, तिथं मुलामा उडाला आणि मोहरीएवढा तांबडा ठिपका पडला. ठिपक्याखाली बारीकसा खड्डा. खड्ड्याच्या तळाशी एक दिवस चीर पडली. केसाहून बारीक.

लोकांना वाटतं, लोखंड एकदाच काय ते मोडतं. तसं नसतं. मला कुणी एकदा दाबून मोडू शकलं नसतं, मग तो खोक्यावरचा जाड मनगटाचा माणूस का असेना. मी मोडलो तो पुन्हा पुन्हा दाबून. दाबलं की चीर किंचित उघडायची, सोडलं की मिटायची; आणि प्रत्येक उघडमिटीत कणभर पुढे सरकायची. दुखत नव्हतं. आतून कुणी नखानं हळूच खरवडल्यासारखं वाटायचं. मी रोज उभाच होतो, रोज आधीच्याच जोमानं उलटा ढकलत होतो, आणि रोज थोडा कमी उरत होतो. मनातून कळत होतं की हे फार दिवस चालायचं नाही. पण आईंचे शेवटचे दहा व्हायचे असायचे. म्हटलं, एवढे होऊ देत.

आई मधेच गुपचूप वर्तमानपत्र कापून बघू लागल्या. मग जुनी चादर. एक दिवस मशीनवर बसून उशीचा अभ्राही शिवला आणि जुन्या अभ्र्यांच्या घडीत लपवून टाकला. मोठ्या कात्रीनं जाड कापडाचे चार थर कापणं तेवढं राहिलं होतं. ते जमलं की सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मधे रविवारी मालक मला दाबायचे. चीर आता तारेच्या निम्म्याहून जास्त आत गेली होती. माझ्यात जोर कितीसा राहणार?

"अगं, हे बघ!" ते मालकीणबाईंना म्हणाले. "लोण्यासारखा दबतोय. हात तयार झाला आपला!"

"आठवड्यातनं दोनदा दाबून?"

"गुण असतो एकेकाच्या हाताला."

आणि मग तो रविवार आला. मालकांचे कचेरीतले दोन सोबती चहाला आले होते. बोलता बोलता साहेबांचा विषय निघाला, हाताचा निघाला आणि मालकांनी वाडग्यातून मला उचललं. "हे आपलं रोजचं," म्हणाले. बाही वर केली, गाल फुगवले आणि मला आवळलं.

कटाक!

माझा अर्धा भाग भिंतीवरच्या घड्याळाला चाटून थेट एका सोबत्याच्या बशीत पडला. अर्धा मालकांच्या मुठीत राहिला.  सगळ्यांत घाबरलेले मालकच होते. हाताला सगळी बोटं आहेत ना, हे त्यांनी मोजून पाहिलं. मग सोबत्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

"पोलाद मोडलंत हो! नुसत्या हातानं!"

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे आणि हळूच बाही खाली घेतली. "जास्त जोर नव्हता लावला," ते म्हणाले.

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, लेकाचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझे तुकडे रुमालात गुंडाळून कचेरीत गेले आणि टेबलाटेबलावरून फिरले. साहेबांनीही पाहिले. त्या दिवसापासून ते मालकांशी हात मिळवताना दोनच बोटं पुढे करू लागले, तीही लगेच मागे घ्यायच्या बेतानं. घरी आल्यावर माझे तुकडे काचेच्या कपाटात, बशीत मांडले गेले. धडधाकट असताना जागा किल्ल्यांत, मोडल्यावर काचेत!

इथवर सगळं गमतीचं होतं. पण कौतुक चढलं की माणूस चुलत्याला पुतण्या म्हणायला लागतो. आठवड्याभरात मालकांनी जाहीर केलं, "पुढच्या खोलीत व्यायामखोली करायची. वजनं, आरसा, सगळं. देवानं हात दिलाय तर वाया का घालवा?"

"आणि मशीन?" सूनबाईंनी विचारलं.

"शिवणवर्गाला देऊन टाकू. मुली शिकतील, आईला पुण्य लागेल. नाही तरी आईचा हात…" ते थांबले. "रविवारी मामांना बोलावलंय, मशीनचे बोल्ट काढायला."

आई भांडं पुसत होत्या, पुसत राहिल्या. रात्रीचं जेवण झालं तरी तेच भांडं त्यांच्या हातात होतं. बोलायला काय हरकत होती? पण माझ्या मोडण्यानं त्यांचा व्यायाम बंद पडला होता, चार थरांची परीक्षा झाली नव्हती, आणि मुलाची वस्तू आपल्याच हातानं झिजवून ठेवल्याची चोरटी भावना वर. मी कपाटातून बघत होतो. दोन तोंडं असूनही बोलता येत नव्हतं.

रविवारी मामा आले. मामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. तीस वर्षं एका कारखान्यात स्प्रिंगा बनवण्यात गेलेली. हातात भला मोठा पाना. घरात शिरताच मालकांनी त्यांना आधी कपाटापाशी नेलं.

"मामा, हे बघा. एका दाबात!"

मामांनी माझा एक तुकडा उचलला. दुसरा उचलला. चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीशी गेले. "ताई, सुईत दोरा ओवायचं भिंग दे गं."

आईंनी भिंग दिलं. मामा बराच वेळ माझ्या मोडलेल्या तोंडात बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला आतून बघत होतं. थोडं लाजल्यासारखंच झालं.

"कधी मोडला म्हणालास?"

"दोन आठवड्यांपूर्वी. त्या रविवारी."

"अंहं. त्या रविवारी मोडून संपला. मोडत होता कितीतरी महिने." मामांनी मालकांना जवळ ओढलं. "हे बघ. इथं काळपट, गुळगुळीत भाग दिसतो? आणि त्यात या रेघा, एकीबाहेर एक, झाडाच्या खोडात असतात तशा? इथं गंजाचा खड्डा, तिथून चीर निघाली. रोज थोडी थोडी पुढे गेलेली आहे. आम्ही म्हणायचो, माल थकला. पोलादपण थकतं रे, बोलत नाही एवढंच."

"मग मी जे मोडलं…"

"तुझं हे." मामांनी टाचणीच्या डोक्याएवढा खरबरीत, चकचकीत भाग दाखवला. "हा शेवटचा तुकडा. एवढा दूधपित्या पोरानंही मोडला असता."

मालकांचा चेहरा उतरला. "पण मामा, चीर माझ्याच व्यायामानं पडली ना? मी रोज…"

"रोज?" मालकीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे… नेमानं."

"हे नेमानं नाही, इमानानं दाबलंय," मामा म्हणाले. "निदान पन्नास-साठ हजार वेळा, तेही पूर्ण टेकवून. आणि ओल्या जागी. गंज बघ की आतला. तू काय आंघोळ करताना व्यायाम करतोस?"

 सूनबाईंनी सासूकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत आधी शंका आली, मग सगळे धुतलेले केस आले.

"आई!" त्या ओरडल्या. "साबण लावत नव्हताच तुम्ही!"

"लावायचे की. अधूनमधून," आई म्हणाल्या.

"तू?" मालक खुर्चीत बसले. "हा ग्रिपर? रोज किती?"

"सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. तुझी वस्तू मोडली रे माझ्या हातानं. सांगणार होते."

"मग सांगायचंस ना!"

"तू 'आता पुरे' म्हणाला होतास. त्यापुढे काय सांगायचं?"

 आई टेबलाशी गेल्या. खाली वाकून मोठी कात्री काढली. पडद्याचं जाड, तपकिरी कापड चार थरांत घातलं. मामांनी पाना खाली ठेवला. आईंनी पदर खोचला. त्यांनी कात्री लावली. पहिल्यांदा अडली. सूनबाई पुढे झाल्या, तशी आईंनी मानेनंच त्यांना थांबवलं. ओठ हलले, आवाज नव्हता. पण मला मोजणी पाठ होती. शेवटचे दहा चालले होते.

कात्री 'खर्रर्र' करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

चारही थर सरळ. मामांनी कापडाची कड बोटानं चाचपली, जशी मघाशी माझी चाचपली होती, आणि म्हणाले, "ताई, हा भाग ताजा आहे बरं. थकव्याची खूण नाही कुठे."

आईंनी कात्री खाली ठेवली आणि मगच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मालक उठले, आईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट बघत राहिले. "दोनशे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मला अडतिसाच्या पुढे जमत नाही गं."

"माहीत आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "भिंत पातळ आहे."

"बरं, मी पाना आणलाय त्याचं काय?" मामांनी विचारलं. मग स्वतःच मशीनखाली वाकले. "आणलाच आहे, तर बोल्ट आवळून जातो. ढिले झालेत."

मालकांनी कचेरीत खरं सांगितलं, पण त्यांना तीन दिवस लागले. एकदम मोडायची सवय नाही त्यांना. तेही थोडे थोडेच मोडले. व्यायामखोलीचा आरसा आलाच होता, तो आईंच्या खोलीत लागला. गिऱ्हाइकांना मागचा पुढचा घेर दिसतो, फार सोय झाली.

आणि मी? मामा मला भंगारात नेणार होते. आईंनी नेऊ दिलं नाही. त्यांनी माझ्या तुटक्या टोकांना जाड कापडाची टोपी शिवली, कागद फाटू नये म्हणून. आता मी कापायच्या टेबलावर असतो. नमुन्याचा कागद कापडावरून सरकू नये म्हणून एक तुकडा गळ्यापाशी, एक घेरापाशी. जन्मभर दाबला गेलो, आता दाबून ठेवायचं काम आलंय. ते सोपं वाटतं, पण पंख्याखाली पातळ कागद सांभाळून बघा!

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर दोनच गोष्टी सांगतो. त्याला खूप दाबा, त्याला आवडतं. पण ओला ठेवू नका, फटीतसुद्धा पुसा. आणि तो एकाएकी लोण्यासारखा दबू लागला, तर आरशात दंड बघण्याआधी एकदा त्याच्याकडे बघा.

परवा वकीलीणबाई नवा कोट टाकायला आल्या होत्या. माझा टोपीवाला तुकडा उचलून म्हणाल्या, "अय्या, हे काय हो?"

"व्यायामातला जोडीदार आहे माझा," आई खडूनं रेघ मारत म्हणाल्या. "निवृत्त झालाय."

"बिचारा! कशानं मोडला?"

आईंनी खडू थांबवला, मान वर केली आणि शेजारच्या खोलीत मालकांनी टीव्हीचा आवाज वाढवायच्या आत स्पष्ट सांगितलं,

"माझ्यामुळे."